प्रकल्प नोंदी: फेरिया ते फेइरा

२ जून २०२५, सोमवार

विषय फायनल झाला. पोर्तुगीजच्या क्लासमध्ये प्रत्येकाने एक लॅटिन शब्द घ्यायचा, तो पोर्तुगीजमध्ये काय होऊन बसलाय ते शोधायचं आणि मराठी वाचणाऱ्याला कळेल अशी आठ पानांची पुस्तिका करायची. कोणी आग्वा (पाणी) घेतलं, कोणी पांव घेतलं (पाव आपल्याकडे तिथूनच आला हे सगळ्यांना माहितीये, त्यामुळे त्याच्यात मजा नाही असं माझं मत). मी घेतला फेरिया. कारण साधं आहे, पोर्तुगीज शिकणारा प्रत्येक माणूस पहिल्या महिन्यातच याला धडकतो. सोमवार म्हणजे सेगुंदा-फेइरा, म्हणजे शब्दशः दुसरी फेइरा. मंगळवार तेर्सा-फेइरा, बुधवार क्वार्ता-फेइरा, गुरुवार कींता-फेइरा, शुक्रवार सेश्ता-फेइरा. शनिवार सॅबादू, रविवार दोमिंगू. आता फेइरा म्हणजे काय असं डिक्शनरीत बघितलं तर निघतं बाजार. दुसरा बाजार, तिसरा बाजार? आणि त्याच्याच खाली फेरियाश म्हणजे सुट्टी. एकाच मुळातून बाजार पण, सुट्टी पण आणि कामाचा वार पण. हे कसं झालं तेवढंच पुस्तिकेत सांगायचंय.

४ जून, बुधवार

रोमपासून सुरुवात केली. लॅटिनमध्ये हा शब्द जुन्या काळी एकवचनात जवळजवळ वापरतच नसत, नेहमी अनेकवचन, फेरिए. अर्थ: देवांसाठी राखून ठेवलेले दिवस, काम बंद, कोर्ट बंद. म्हणजे आपण सुट्टी म्हणतो तशी आरामाची सुट्टी नाही, तर हा दिवस देवाच्या मालकीचा, त्यात तुम्ही तुमचं काम घुसवायचं नाही. त्यांचे प्रकार पण ठरलेले होते. स्तातिवे म्हणजे दरवर्षी ठरल्या तारखेला येणाऱ्या, कोंसेप्तिवे म्हणजे तारीख दरवर्षी जाहीर करावी लागणाऱ्या, इंपेरातिवे म्हणजे काही विशेष घडलं म्हणून सरकारने हुकूम काढून दिलेल्या. कॅलेंडरमधल्या फिक्स सुट्ट्या, तिथीप्रमाणे सरकणारे सण आणि ऐनवेळी जाहीर झालेली सुट्टी, सरकारी ऑफिसात काम केलेल्या कोणालाही हे वर्गीकरण समजावून सांगावं लागणार नाही.

मॅक्रोबियस नावाच्या उत्तरकालीन लेखकाने जे जमवून ठेवलंय ते वाचताना खूप हसू आलं. रोमचे काही पुजारी असे होते की फेरिएच्या दिवशी कोणी काम करताना त्यांच्या नजरेलाच पडता कामा नये, मग पुजारी निघाले की पुढे दवंडीवाला जायचा, हातातलं काम थांबवा म्हणून ओरडत. म्हणजे काम करणं हा प्रॉब्लेम होताच पण पुजाऱ्याला ते दिसणं हा जास्त मोठा प्रॉब्लेम. स्काएवोला या कायदेपंडिताला विचारलं, की बाबा फेरिएला नेमकं काय केलेलं चालतं, तर त्याचं उत्तर असं की जे केलं नाही तर नुकसान होईल ते. बैल खड्ड्यात पडला तर माणसं लावून बाहेर काढा, छपराचा वासा मोडायला आला तर टेकू द्या.

आणि कातो. हा इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला, शेतीवर पुस्तक लिहिणारा, पक्का हिशेबी जमीनदार. त्याचं म्हणणं, फेरिए आहेत म्हणून गडीमाणसं बसून राहिली असं सांगू नका, जुने चर साफ करता आले असते, रस्ता दुरुस्त करता आला असता, काटेरी झुडपं तोडता आली असती. पुढे अजून एक वाक्य आहे, खेचरं, घोडे आणि गाढवं यांना फेरिए नाहीत, घरगुती सणांचा काय तो अपवाद. आपल्याकडे पोळा-बेंदूर करणाऱ्या माणसाला हे वाक्य वाचून कातोचा राग येणार. पान २ वर हे घ्यायचंच.

७ जून, शनिवार

मुळाचं काम. फेरिएचं जुनं रूप फेसिए. लॅटिनमध्ये दोन स्वरांच्या मधला स साधारण इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात र झाला, म्हणूनच फूल म्हणजे फ्लोस पण फुलाचं म्हणजे फ्लोरिस. तसंच फेसिएचं फेरिए. पण त्याच मुळातला दुसरा शब्द, फेस्तुस म्हणजे सणाचा, त्यात स च्या पुढे त आहे, दोन स्वरांत अडकलेला नाही, म्हणून तिथला स वाचला. त्या फेस्तुसचं पोर्तुगीजमध्ये फेश्ता, आणि गोव्यात फेस्त. म्हणजे फेस्त आणि फेइरा या सख्ख्या बहिणी निघाल्या, एकीचा स राहिला एकीचा गेला.

त्याच्याही मागे जायचं तर देऊळ या अर्थाचा लॅटिन शब्द फानुम याच घराण्यातला धरतात, आणि ग्रीकमधला थेओस म्हणजे देव पण. संस्कृतमधला धिष्ण्य (यज्ञातली अग्नीची छोटी वेदी) हाही याच मुळाचा असावा असं बऱ्याच अभ्यासकांचं म्हणणं आहे. हे पुस्तिकेत एका ओळीत टाकणार, जास्त नाही. मराठी वाचकाला संस्कृत जुळलं की बाकीचं सगळं विसरून तेवढंच लक्षात राहतं आणि मग व्हॉट्सॲपवर लॅटिन संस्कृतातून आली म्हणून फिरायला लागतं.

रोमन लोकांनी स्वतः दिलेल्या व्युत्पत्त्या वेगळ्याच आहेत. एकजण म्हणतो फेरिरे म्हणजे मारणे, बळी देताना पशू मारतात म्हणून फेरिए. सेव्हिलचा बिशप इसिदोर म्हणतो फारी म्हणजे बोलणे, त्यावरून. दोन्ही आज कोणी मानत नाही, पण त्यांच्या कानाला काय जवळचं वाटायचं ते यातून कळतं.

१० जून, मंगळवार

आज पोर्तुगालचा राष्ट्रीय दिवस, त्यांचा मोठा कवी कामोंइश याच्या मृत्यूचा दिवस, तिकडे सगळं बंद. अशा सुट्टीला त्यांच्यात फेरियादू म्हणतात, लॅटिन फेरियातुसवरून. म्हणजे आज मंगळवार, तेर्सा-फेइरा, आणि फेरियादू. एका दिवसाला एकच शब्द दोनदा लागलाय, एकदा वार म्हणून आणि एकदा सुट्टी म्हणून, आणि बोलणाऱ्या कोणाला ते खटकत नाही.

आजचं मुख्य काम उच्चार कसा बदलला ते सोप्या भाषेत लिहायचं होतं. फेरियातला इ उडी मारून र च्या अलीकडे आला, फेइरा झालं. हे काही एकट्या या शब्दाचं नाही. लॅटिन मातेरिया, म्हणजे सामान, त्याचं पोर्तुगीजमध्ये मादेइरा झालं आणि अर्थ झाला लाकूड, मदेरा बेटाचं नाव तेच, जंगलाचं बेट म्हणून. आणि एइरा ही शेपटी तर आपल्याला आडनावांमुळे चांगलीच ओळखीची आहे, लोखंडाचा फेर्रुम त्यावरून फेर्रेइरा म्हणजे आपल्याकडचे फरेरा, नासपतीच्या झाडावरून पेरेइरा म्हणजे परेरा. ही आडनावं लॅटिनच्या आरिया शेपटीतून आली, तिथेही इ असाच अलीकडे सरकलाय. क्लासमध्ये वसईची एक मुलगी आहे, तिच्या आईकडचं आडनाव परेरा, ती म्हणाली आमच्याकडे कोणाला माहितीच नाही की हे झाडाचं नाव आहे. तिच्याकडून परवानगी घेतली, आडनावांची चौकट पान ३ वर.

पण फेरियाश (सुट्टी) मध्ये इ जागच्या जागी आहे. कारण तो शब्द लोकांच्या तोंडात घासून आलेला नाही, शिकल्या-सवरल्या लोकांनी लॅटिनमधून परत उचललेला आहे. आपल्याकडे कसं काम पण आहे आणि कर्म पण आहे, मूळ एकच, एक बोलण्यातून झिजून आला आणि एक पोथीतून सरळ. तसंच. हे एकदा लिहिलं की अर्धी पुस्तिका सोपी होते, कारण बाजार आणि वार घासलेल्या रूपात आणि सुट्ट्या कोऱ्या रूपात.

१३ जून, शुक्रवार

आता मधला मोठा तुकडा. सुट्टीचा शब्द कामाच्या वाराला कसा लागला.

रोमन लोकांचे वार ग्रहांवरचे होते, आपल्यासारखेच. लूना म्हणजे चंद्र, मार्स मंगळ, मर्क्युरी बुध, ज्युपिटर गुरू, व्हीनस शुक्र, सॅटर्न शनी. तंतोतंत सोम मंगळ बुध गुरू शुक्र शनी, क्रम पण तोच, कारण ग्रीक-रोमन ज्योतिषातला हा सात दिवसांचा हिशोब दोन्हीकडे गेलेला आहे. सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांना अडचण ही की हे सगळे जुने देव. आणि त्यांच्याकडे ज्यूंची मोजणीची पद्धत होतीच, शब्बाथपासून (त्यांचा विश्रांतीचा शनिवार) पहिला, दुसरा, तिसरा. तीच चर्चच्या लॅटिनमध्ये आली आणि शब्बाथच्या जागी फेरिया बसला. उत्तर आफ्रिकेतला ख्रिस्ती लेखक तेर्तुलियन तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला उपवासाच्या दिवसांबद्दल लिहिताना चौथी फेरिया आणि सहावी फेरिया असं सहज लिहून जातो, म्हणजे तेव्हाच हे रुळलेलं होतं. फेरियाच का, याचं नेहमी दिलं जाणारं उत्तर असं की ईस्टरचा पूर्ण आठवडाच सुट्टीचा धरत, त्यातला प्रत्येक दिवस फेरियाच, तिथून ते वर्षभराच्या आठवड्यांना लागलं. मला मात्र दुसरंच एक कारण जास्त पटतं, की पुजाऱ्याच्या बाजूने बघितलं तर प्रत्येक दिवस देवाचाच, त्यामुळे सगळेच दिवस फेरिया. सामान्य माणसाच्या बाजूने बघितलं तर त्याला सोमवारी शेतावर जायचंच होतं, शब्द कुठलाही लावा.

बिशप ऑगस्टिन साधारण ४०० च्या आसपास एका स्तोत्रावर बोलताना चौथ्या फेरियाबद्दल म्हणतो की याला इतर लोक मर्क्युरीचा दिवस म्हणतात आणि आपले ख्रिस्ती पण बरेच जण तसंच म्हणतात, आम्हाला ते नको आहे, सुधारतील तर बरं. म्हणजे त्याच्यासमोर बसलेले लोकसुद्धा बुधवारला बुधवारच म्हणत होते. आणि गंमत बघा, ३२१ मध्ये कॉन्स्टंटाईन बादशहाने रविवारची सुट्टी कायद्याने दिली, तर त्या कायद्यातच रविवारला सूर्याचा पूज्य दिवस म्हटलंय.

१६ जून, सोमवार

ब्रागाचा मार्टिन. हा या गोष्टीतला हिरो मानतात. जन्म पॅनोनियात, म्हणजे आताच्या हंगेरीच्या भागात, तिथून ५५० च्या सुमारास इबेरियाच्या वायव्य कोपऱ्यात आला, जिथे तेव्हा स्वेबी या जर्मानिक टोळीचं राज्य होतं. ब्रागाजवळ दुमियोला मठ काढला, मग ब्रागाचा बिशप झाला, ५७२ मध्ये ब्रागाची दुसरी धर्मसभा त्याच्या अध्यक्षतेखाली झाली. त्याने अस्तोर्गाच्या बिशपला खेडवळ लोकांना कसं सुधारावं अशा विषयावर एक प्रवचन लिहून पाठवलं, त्यात वारांचा मुद्दा आहे. त्याचं म्हणणं, हे मार्स, मर्क्युरी, ज्युपिटर, व्हीनस, सॅटर्न यांनी एकही दिवस निर्माण केलेला नाही, ही ग्रीकांमधली वाईट चालीची माणसं होती, त्यांची नावं दिवसांना कशाला.

त्याच प्रवचनात बायका विणायला बसताना मिनर्व्हा या रोमन देवीचं नाव घेतात, लग्नासाठी व्हीनसचा वार बघतात, घराबाहेर पडायचा दिवस बघतात, हे सगळं सैतानाची पूजा म्हणून झोडपलंय. लग्नासाठी व्हीनस म्हणजे शुक्र! इकडे आपण आजही शुक्राचा अस्त असला की लग्नाचे मुहूर्त काढत नाही. त्या गॅलिशियातल्या बायकांचं आणि आपल्या आज्ज्यांचं पाच मिनिटांत जमलं असतं, मार्टिनला मात्र दोन्हीकडे त्रास झाला असता.

आता प्रश्न असा की मार्टिनमुळेच पोर्तुगीज वार बदलले का. इंटरनेटवर सगळीकडे हेच लिहिलेलं असतं, एक बिशप आला, त्याने नावं बदलली, संपलं. मला हे फार गुळगुळीत वाटतं. एक तर त्याच्या आधी दक्षिण फ्रान्समध्ये आर्लच्या बिशप सेझारियसने हीच तक्रार प्रवचनात केली होती आणि फ्रेंच लोक आजही लँदी, मार्दी, मेर्क्रदीच म्हणतात. दुसरं, फेरियाची मोजणी ही मार्टिनची नाही, अख्ख्या लॅटिन चर्चची होती, व्हॅटिकनच्या लॅटिन पंचांगात आजही सोमवार म्हणजे फेरिया सेकुंदाच आहे. आणि तिसरं, पोर्तुगालच्याच ईशान्य टोकाला मिरांदा भागात मिरांदेस भाषा आहे, १९९९ पासून तिला सरकारी मान्यता आहे, तिथे वार ल्यूनेश, मार्तेश असे ग्रहांचेच. वरच्या बाजूला गॅलिशियनमध्ये पण आज लुंस, मार्तेस चालतं. म्हणजे मार्टिनच्या स्वतःच्या गॅलिशियातच ग्रह टिकले. तेव्हा मी पुस्तिकेत मार्टिनला जागा देणार पण श्रेय अख्खं त्याच्या नावावर टाकणार नाही. चर्चची भाषा सगळीकडे पोचली होती, ती बाजारापर्यंत आणि स्वयंपाकघरापर्यंत उतरली फक्त पोर्तुगीजमध्ये, माझ्या मते मुद्दा हा आहे.

१९ जून, गुरुवार

छोटी नोंद. कालपासून एक गोष्ट डोक्यात फिरत होती म्हणून तपासली. आपल्याकडे वाराचा उल्लेख असलेला सगळ्यात जुना तारखेचा शिलालेख म्हणून मध्य प्रदेशातल्या एरणच्या स्तंभाचा दाखला देतात, बुधगुप्ताच्या काळातला, साल ४८४, वार गुरुवार, सुरगुरूचा दिवस असं लिहिलंय. मार्टिनचं प्रवचन त्यानंतर शंभरएक वर्षांत. म्हणजे ग्रहांचे वार इकडे दगडावर कोरले जात होते त्याच शतकाच्या आगेमागे तिकडे ब्रागात ते काढून टाका म्हणून सांगणं चालू होतं. टाइमलाइनवर दोन्ही शेजारी दाखवायचं.

२४ जून, मंगळवार

बाजाराचं पान. हे लिहायला सगळ्यात सोपं गेलं कारण आपल्याला ते समजावून सांगायची गरज नाही. सण आला की गर्दी, गर्दी आली की दुकानं. देवाचा दिवस फेरिया, त्या दिवशी देवळापुढे किंवा चर्चपुढे भरलेला बाजार पण फेरिया, मग देव मागे राहिला आणि बाजाराला नाव राहिलं. स्पॅनिश फेरिया, इटालियन फिएरा, फ्रेंच फ्वार, इंग्रजी फेअर, सगळे त्याच्यातूनच निघालेले. जर्मन लोकांनी तर याच वाटेने दुसरा शब्द नेला, मेस्से म्हणजे चर्चमधली प्रार्थना आणि मेस्से म्हणजेच व्यापारी प्रदर्शन. आणि आपली जत्रा बघा, यात्रेवरून आली, देवाला जायचा प्रवास, आणि आज जत्रेला गेलो होतो म्हटलं तर ऐकणाऱ्याला पाळणा आणि भेळ आठवते.

पोर्तुगालमध्ये मिन्यू भागातल्या पोंत द लीमा गावाला तेव्हा तिथे राज्य करणाऱ्या दोना तेरेझाने ११२५ मध्ये सनद दिली, त्यात फेइराचा उल्लेख आहे, म्हणजे देश म्हणून पोर्तुगाल उभा राहायच्या आधीपासून तिथला बाजार कागदावर आहे. पुढे राजा दिनिश आणि इतरांनी गावोगावी फेइराच्या सनदा दिल्या, काहींना कर माफ, त्याला फेइरा फ्रांका म्हणायचे. बार्सेलुशचा मोठा बाजार दर गुरुवारी भरतो, म्हणजे कींता-फेइराची फेइरा. लिस्बनमधला जुन्या-पान्या वस्तूंचा फेइरा दा लाद्रा मंगळवारी आणि शनिवारी असतो. गावांची नावं पण झाली, सांता मारिया दा फेइरा पोर्तुगालमध्ये, फेइरा द सांताना ब्राझीलच्या बाहियात.

आणि म्हापसा! हे मला माहिती होतं पण कधी जोडलं नव्हतं. म्हापशात फेइरा आल्ता आणि फेइरा बायशा अशी दोन भागांची नावं आहेत, वरचा बाजार आणि खालचा बाजार. लोक ते नुसतं पत्ता म्हणून लिहितात. त्याच म्हापशाचा शुक्रवारचा बाजार प्रसिद्ध. त्याच्या पुढे जाऊन ईस्टरनंतर मिलाग्रिस सायबिणीचं फेस्त असतं, तेव्हा पावसाळ्याच्या बेगमीची खरेदी होते, सुकी मासळी, मिरच्या, चिंच, कांद्याच्या माळा, म्हणून त्याला पुरुमेंताचें फेस्त म्हणतात, पुरुमेंत म्हणजे पोर्तुगीज प्रोव्हिमेंतू, साठवण. मडगावात होली स्पिरिट चर्चच्या फेस्ताला पण तसाच बाजार. देवाचा दिवस बाजार कसा होतो हे दाखवायला रोमपर्यंत जायची गरजच नाही, मे महिन्यात गोव्यात गेलं तरी दिसतं.

मात्र वारांच्या बाबतीत गोव्यात पोर्तुगीजांचं काही चाललं नाही. कोकणी बोलणारा ख्रिस्ती माणूस पण सोमार, मंगळार, बिरेस्तार, सुक्रारच म्हणतो आणि रविवारी चर्चला जातो तो आयताराला, म्हणजे आदित्यवाराला, सूर्याच्या वाराला. साडेचारशे वर्षं फेइरा म्हणणारे राज्य करून गेले आणि मागे ग्रह जसेच्या तसे.

२८ जून, शनिवार

आज मोजणीवर एक चौकट केली, आणि खरं सांगायचं तर हा भाग मला सगळ्यात जास्त आवडलाय. रोमन लोकांचा बाजारदिवस म्हणजे नुंदिने, नावात नऊ आहे, पण तो भरायचा दर आठव्या दिवशी. कारण ते आजचा दिवस पण मोजायचे आणि पुढचा बाजाराचा दिवस पण. त्यांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात ए पासून एच पर्यंत आठ अक्षरं फिरत असत, बाजार कधी ते बघायला.

सवय अशी की दोन्ही टोकं मोजायची. ती पोर्तुगीजमध्ये राहिली. एक आठवड्याने म्हणायचं तर ते म्हणतात ओइतू दियश, आठ दिवस. दोन आठवडे म्हणजे कींझ दियश, पंधरा दिवस. आता मराठीत बघा, आठ दिवसांनी ये म्हणजे पुढच्या त्याच वारी ये. दोन आठवड्यांना आपण पंधरा दिवसच म्हणतो, चौदा कोणीच म्हणत नाही. आणि सात दिवसांच्या गोष्टीला आपण नाव काय दिलंय तर आठवडा! आठवडी बाजार! याच्यात कोणी कोणाकडून घेतलेलं नाही, दोन्हीकडची माणसं बोटावर मोजायची तेव्हा आजचं बोट पण धरायची एवढंच. क्लासमध्ये पोर्तुगीज शिकायला येणाऱ्यांना आठ दिवस, पंधरा दिवस हे वेगळं शिकवावं लागतं असं पुस्तकात असतं, मराठी माणसाला शिकवायची गरजच नाही, फक्त कोणीतरी सांगायला हवं की बाबा जसं बोलतोस तसंच बोल.

३ जुलै, गुरुवार

लेआउट. आठवड्याच्या तक्त्यात रविवार पहिला ठेवला, नाहीतर सेगुंदा दुसरी का ते कळत नाही. पहिली फेइरा नाहीच, कारण पहिला दिवस दोमिंगू, दोमिनिकुस म्हणजे प्रभूचा. सातवी पण नाही, शनिवार साब्बातुमवरून सॅबादू. तेर्सा हा शब्द पण टीप म्हणून टाकला, आजच्या पोर्तुगीजमध्ये तिसरी म्हणजे तेर्सेइरा, पण वारात जुनं तेर्सा तसंच अडकून राहिलंय.

शेजारी इतर मोजणीचे वार पण लावले. ग्रीकमध्ये देफ्तेरा, त्रिती, तेतार्ती, पेंप्ती. अरबीत अल-अहद, अल-इथनैन. फारसीत यकशंबे, दोशंबे. आणि व्हिएतनामी, थु हाय म्हणजे दुसरा दिवस म्हणजे सोमवार, तिथून शनिवारी सातवा, आणि रविवार परत प्रभूचा दिवस. शेजारच्या चिनीमध्ये सोमवारला एक नंबर आहे, व्हिएतनामीत दोन, पोर्तुगीजसारखा, कारण तिकडे पोर्तुगीजांच्या छत्राखाली आलेले जेझुइट मिशनरी होते. त्यांच्यातल्याच अलेक्झांडर द ऱ्होडने १६५१ मध्ये रोमला छापलेला कोश व्हिएतनामी, पोर्तुगीज आणि लॅटिन असा तीन भाषांचा आहे. लॅटिन-पोर्तुगीज शब्दावरच्या पुस्तिकेत हा कोश आला नसता तर मला झोप लागली नसती.

आइसलँडचं पण घेतलं, तिकडे होलारच्या बिशप यॉनने बाराव्या शतकात देवांची नावं काढायला लावली, मंगळवार तिसरा दिवस, गुरुवार पाचवा दिवस, आणि ते आजतागायत चालू आहे. तिथे मात्र बिशपचं ऐकलं लोकांनी.

९ जुलै, बुधवार

मॅडमनी ड्राफ्ट वाचला. त्यांची एक सूचना अशी की चर्चच्या भाषेतला आजचा अर्थ राहिलाय. तो टाकला: पंचांगात ज्या दिवशी कुठल्याच संताचा सण नाही त्या रिकाम्या साध्या दिवसाला फेरिया म्हणतात. म्हणजे मुळात सण असलेला दिवस, आता सण नसलेला दिवस. कोणी मुद्दाम उलटवायला गेलं असतं तरी इतकं स्वच्छ उलटलं नसतं.

दुसरी सूचना इटलीच्या फेर्रागोस्तोची. ऑगस्टस बादशहाने इसवी सनापूर्वी १८ मध्ये फेरिए आउगुस्ती सुरू केल्या, त्यातून ते नाव आलं, आता १५ ऑगस्टला असतो आणि सगळी इटली समुद्रावर. घेतलं पण दोन ओळींतच, आपला विषय पोर्तुगीज आहे.

ब्राझीलचा एक शब्द मी स्वतः घुसवला. शुक्रवार आला की तिकडे पोरं लिहितात सेश्तोऊ (त्यांच्या उच्चारात सेस्तोऊ), म्हणजे शुक्रवार झाला रे, सेश्ताचं सरळ क्रियापदच करून टाकलंय. यात फेइरा गळून पडली, नुसता आकडा उरला. रोजच्या बोलण्यात पण बहुतेक लोक नुसतं सेगुंदा, तेर्सा, क्वार्ता असंच म्हणतात, फेइरा लिहिण्यात आणि फॉर्मवर. आपण पण बुधवारचं बुध करतोच की, बुध-गुरु सुट्टी टाकलीये म्हणून.

१४ जुलै, सोमवार

शेवटचं पान राहिलं होतं. तिथे चार रूपं एका खाली एक हवी होती, प्रत्येकाला एक वाक्य. फेइरा (वार आणि बाजार), फेरियादू (सरकारी सुट्टी), फेरियाश (मोठी सुट्टी, नेहमी अनेकवचन, रोमन फेरिएसारखी), आणि चौथं सापडलं ते एकवचनी फेरिया. पोर्तुगीजमध्ये फेरिया म्हणजे दुकानाचा किंवा टॅक्सीवाल्याचा दिवसभराचा गल्ला. फेरिया दू दिया, आजचा धंदा किती झाला. काम करायचं नाही असा दिवस, त्याच्यापासून दिवसभर काम करून जमलेले पैसे. अनेकवचन केलं की सुट्टी, एकवचन केलं की कमाई.

चार वाक्यं अशी ठरली, मराठीत अर्थासकट: सोमवारी बाजार असतो. मंगळवारी सरकारी सुट्टी आहे. ऑगस्टमध्ये आम्ही सुट्टीवर असतो. आजचा गल्ला बरा झाला. पोर्तुगीज वाक्यं मॅडमना तपासायला पाठवलीत, ऑडिओ वसईची मैत्रीण करणार आहे, तिचा उच्चार माझ्यापेक्षा शंभरपट चांगला. प्रिंटवाल्याने विचारलं एवढं सगळं एका शब्दावर? त्याला पान ६ दाखवलं, म्हापशाचं, तर म्हणाला फेइरा आल्ताला माझा आत्तेभाऊ राहतो, त्याच्यासाठी एक कॉपी जास्त काढतो.